भट्टीवर गेलेली मुलं कुणाच्या वहीत असतात?

सुपलीभर (कोथरूड)

मुळशीतल्या एका कातकरी वाडीवर आम्ही पाच-सहा जणी गेली तीन वर्षं दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी जातो. संस्था वगैरे काही नाही. मी आहारतज्ज्ञ, एक मैत्रीण नर्स, एक गाडी चालवते आणि हिशेब ठेवते. वाडीत तेवीस घरं. मुलांची वजनं, उंची, दंडाचा घेर घेतो, बायकांशी बोलतो, वही भरतो आणि संध्याकाळी परत येतो.

सप्टेंबरात एका अडीच वर्षांच्या मुलीचा दंड १२.६ सेंटिमीटर भरला होता. ज्यांनी ही पट्टी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते: ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलांचा दंड मोजतात. १२.५ च्या पुढे हिरवा, ११.५ ते १२.५ पिवळा, ११.५ च्या खाली लाल. म्हणजे ही काठावर होती, पण हिरव्यात. दिवाळी झाली, सगळे वीटभट्ट्यांवर कामाला गेले आणि वाडी रिकामी झाली. दारांना काथ्याच्या दोऱ्या, मागे दोन म्हाताऱ्या आणि एक कुत्रं.

होळीच्या आधी तिची आजी म्हणाली, "पोरगी लई वाळली म्हणत्यात ताई, जाऊन बघा एकदा." हवेली तालुक्यातल्या भट्टीचा पत्ता शोधत गेलो. खोपटं म्हणजे विटा नुसत्या एकावर एक रचून केलेल्या कमरेएवढ्या भिंती, वर पाचट आणि निळा कागद. आत वाकूनच शिरायचं. आई-बाप पहाटे तीनला उठून चिखल तुडवतात, ऊन चढेपर्यंत विटा थापतात. मुलगी विटांच्या रांगांमध्ये बसली होती. हातात पाच रुपयांचा पुडा, अंगावर राखाडी धूळ, केस तांबूस. पट्टी दंडाभोवती घेतली, घडीतून ओढली, खूण ११.२ वर आली. मी दोनदा मोजलं, मग मैत्रिणीनं मोजलं. ११.२.

तिचं रेशन मुळशीत. अंगणवाडीत नाव मुळशीत. वजनाचा तक्ता मुळशीत. मुलगी मात्र हवेलीत, आणि तिथल्या कुठल्याच वहीत तिचं नाव नाही.

मागच्या वर्षी मी याच वाडीत तक्ता लावून नाचणीवर बोलले होते. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, पॉलिश केलेल्या तांदळात दहाच्या आतबाहेर, वगैरे. सगळ्यांनी मान डोलावली. शेवटी एक बाई म्हणाली, "नाचणी पेरू कुठं ताई? घराखालची जागा बी दुसऱ्याची हाय." त्या दिवसापासून तो तक्ता पिशवीतच आहे.

इथे आदिवासी पट्ट्यातले, आरोग्य खात्यातले, शिक्षक असे बरेच जण आहेत. या मुलीसाठी आज काय करावं, आणि पुढच्या दिवाळीनंतर अशी मुलं निसटू नयेत म्हणून काय करता येईल, हे दोन्ही विचारतेय.

---

ओपीडी

आजचं आधी. ११.२ म्हणजे सॅम, तीव्र कुपोषण. दोन गोष्टी लगेच बघा. दोन्ही पावलांवर अंगठ्यानं काही सेकंद दाबा. खड्डा पडून तसाच राहिला तर सूज आहे, थांबायचं नाही. दुसरं, भूक. समोर आवडीचं ठेवूनही खात नसेल, किंवा ताप, जुलाब, धाप असेल, तर पोषण पुनर्वसन केंद्रात भरती करायलाच हवं. यातलं काही नसेल आणि मूल आवडीनं खात असेल, तर बाहेरूनही सुधारता येतं, पण दर आठवड्याला वजन बघणारं कुणीतरी हवं.

आई भरती करायला नाही म्हणेल, ही तयारी ठेवा. तिथे किमान दोन आठवडे राहावं लागतं. आईला बुडीत मजुरी मिळते, पण तिच्या डोक्यात दुसरंच गणित असतं: उचल (मालकाकडून आगाऊ पैसे) घेतलीय, जोडीतली एक बाई गेली की नवऱ्याच्या विटा निम्म्यावर येतात, मागची दोन पोरं कुणाकडे ठेवायची. या प्रश्नांची उत्तरं घेऊन तिच्याशी बोलायला बसा, नुसता "बाळाच्या जिवाला धोका आहे" असा धाक घालू नका. धोका तिला आपल्यापेक्षा जास्त दिसतो.

---

सुपलीभर

सूज नाही, दाबून बघितलं. भूक आहे, आम्ही नेलेला शेंगदाण्याचा लाडू तिनं संपवला. खोकला होता, ताप नव्हता.

---

डोंगरधार (मूळ आंबेगाव तालुका, सध्या भोसरी)

ताई, तुमचं वाचून झोप लागली नाही. मी महादेव कोळी, भीमाशंकरच्या पट्ट्यातला. थोडं सविस्तर लिहितो, कारण पुण्यात 'आदिवासी' म्हटलं की सगळे एकाच टोपलीत घालतात.

आमच्याकडे खाचरं आहेत. कमी का असेना, भात पिकतो, वरई-नाचणी थोडीफार होते. माळावर खुरासणी, बांधाला उडीद. उडदाचं घुटं आणि भाकरी पोटात गेली की माणूस दिवसभर चिखलणी करतो. चैत्र-वैशाखात बाळहिरडा वेचायचा, वाळवायचा, विकायचा. मिठामिरचीपासून पोरांच्या वह्यांपर्यंत त्यावर. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा जुन्नर-आंबेगावात हिरड्याची झाडं मोडली. बातम्यांत घरांचे पत्रे उडालेले दिसले, झाडं कुणाला दिसली नाहीत. हिरड्याचं झाड आज लावलं आणि उद्या मोहरलं असं होत नाही. आमच्या घरची चार मोठी झाडं गेली, ती आजोबांच्याही आधीची.

ठाकर बांधवांकडे थोडी जमीन आहे, कुठे नाही. कातकऱ्यांकडे बहुतेक ठिकाणी नाहीच. खैराच्या लाकडापासून कात काढणारे म्हणून कातकरी. जंगलावर बंदी आली, कात गेला, मग कोळसाभट्टी, मग वीटभट्टी. कोलाम, माडिया गोंड आणि कातकरी या राज्यातल्या तीन आदिम जमाती. बाकी दोन विदर्भात, कातकरी आपल्या दाराशी. आणि एक गोष्ट पुण्यात फार थोड्यांना माहीत आहे. जिल्ह्यातलं अनुसूचित क्षेत्र आंबेगाव आणि जुन्नरच्या काही गावांपुरतं. मुळशी, मावळ, भोर, वेल्हे (आता राजगड) त्यात नाहीत. पेसा कायद्यातली (अनुसूचित क्षेत्रात जादा अधिकार असलेली) ग्रामसभा आमच्या गावाला लागू होते, तुमच्या वाडीला नाही. ती वाडी दुसऱ्याच गावाची शेवटची वस्ती असते. ग्रामपंचायतीत तिची मतं मूठभर.

आता खाण्याचं. आमच्याकडं पावसाळा हा रानभाज्यांचा आणि उपासमारीचा एकच काळ असतो. कणगी तळाला जाते आषाढात, नवं भात येतं दिवाळीच्या तोंडाला. मधे काय? कुरडू, टाकळा, भारंगी, करटोली, चाईचा मोहर, खेकडे, चढणीचे मासे. माझी आजी कडू करांदे (रानातले कंद) राखेच्या पाण्यात उकडायची, पाणी ओतायची, परत उकडायची. तिसऱ्या पाण्यानंतर आम्हाला द्यायची. मी एकदा दुसऱ्याच पाण्यातला चोरून खाल्ला, संध्याकाळपर्यंत जीभ कडू. ते कुणी हौसेनं खात नव्हतं. आता ९ ऑगस्टच्या, आदिवासी दिनाच्या आसपास शहरात रानभाजी महोत्सव लागतात, लोक पाककृती विचारतात, चांगलं वाटतं. पण आमच्या आईला करांदे दाखवले तर ती आजही तोंड फिरवते.

---

पानफुटी

डोंगरधार, फार मोलाचं लिहिलंत. एक प्रामाणिक प्रश्न आहे, राग मानू नका. पूर्वीचा आहार इतका विविध होता तर तोच परत आणणं हा उपाय का नाही? परसबाग, भरडधान्य, रानभाज्या. बाहेरचा तांदूळ-गहू आणि पुडे आल्यामुळेच हे बिघडलं ना?

---

ओपीडी

पानफुटी, पुड्यांबद्दल सहमत. बाकीच्याबद्दल थोडं सांगतो.

एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण हजार किलोकॅलरी लागतात. त्याच्या पोटात एका वेळी एखादी वाटी मावते. पालेभाजी आणि पातळ पेज यांनी ती वाटी भरते, पण ऊर्जा फार थोडी जाते, कारण बरंचसं पाणी असतं. त्याच पेजेत चमचाभर तेल घातलं की ४०-४५ किलोकॅलरी वाढतात. मूठभर शेंगदाण्याचं कूट घातलं की प्रथिनंही येतात. अंडं घातलं तर उत्तमच. मोठ्या माणसाला रानभाजी फार गुणाची आहे. लोह, जीवनसत्त्वं सगळं. दोन वर्षांच्या पोराला आधी तेल, डाळ, अंडं, आणि दिवसातून पाच वेळा भरवणारा हात. तो हात पहाटे तीनपासून विटा थापत असतो, खरी अडचण तिथे आहे.

बायकांच्या रक्तक्षयाबद्दलही हेच. लोहाच्या गोळ्या देतात, पण गोळी कोऱ्या चहाबरोबर घेतली तर लोह नीट शोषलं जात नाही. भट्टीवर सकाळी चहाशिवाय दुसरं काय असतं? मी आता गोळी रात्री जेवणानंतर, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्यायला सांगतो.

---

डोंगरधार

आणि परसबागेला पाणी लागतं. आमच्याकडं पाऊस असा की छत्री उलटी होते, आणि मार्च-एप्रिलमध्ये बाया झऱ्यावर रात्री नंबर लावून बसतात. वाटीनं पाणी भरून हंडा भरायचा. खाली डिंभ्याचं धरण भरलेलं दिसतं. त्या धरणात गावं गेली, त्यातल्या लोकांनी पुढं संस्था करून त्याच पाण्यात मासेमारीचे हक्क मिळवले. ते चांगलं झालं, घरात मासे आले. पण डोक्यावरच्या वस्तीला प्यायचं पाणी चढत नाही ते नाहीच.

---

अंगणवाडीची_ताई (खेड तालुका)

मी सेविका आहे, एकोणीस वर्षं झाली. तुमच्या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी आमची बाजू सांगते.

आदिवासी भागात मोठी अंगणवाडी साधारण ३०० ते ८०० लोकवस्तीला, मिनी १५० ते ३०० ला. तेवीस घरांची वाडी म्हणजे शंभर-सव्वाशे माणसं. बसतच नाही. मग ती वाडी जवळच्या गावाच्या अंगणवाडीला जोडतात, आणि मधे ओढा असतो. पावसाळ्यात अडीच वर्षांची पोर ओढा ओलांडून खिचडी खायला येईल का? मी स्वतः डबा घेऊन गेलेय कितीतरी वेळा, पण रोज नाही जमत, खोटं का बोलू.

अनुसूचित क्षेत्रात अमृत आहार योजना आहे. शेवटच्या तीन महिन्यांच्या गरोदर बायकांना आणि बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत आईला दिवसाचं एक पूर्ण जेवण. मुलांना अंडी, नाहीतर केळी. माझी बहीण तिकडे सेविका आहे. ती सांगते, बाई जेवण तिथेच बसून खाते तेव्हाच ते तिच्या पोटात जातं. घरी नेलं की सासरा, नवरा, पोरं, आणि मग ती. अंडंसुद्धा घरी नेलं की दोऱ्यानं कापून चार भाग होतात. घरी न्यायची पाकिटं आमच्याकडे येतात, त्यांचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, बऱ्याचदा शेळी खाते. चव धरत नाही मुलांना.

आता स्थलांतराचं. पोषण ट्रॅकर ॲपमध्ये मूल दुसऱ्या ठिकाणी गेल्याची नोंद करायची सोय आहे. ती वापरायची तर कुटुंब कुठे गेलं हे कळलं पाहिजे. मुकादम रात्री टेम्पो आणतो, सकाळी घरं बंद. मी आता दसऱ्यालाच घरोघर फिरते आणि विचारून ठेवते: कोणता मुकादम, कुठली भट्टी, कुणाचा फोन लागतो. वहीच्या शेवटच्या पानावर लिहिते. पलीकडच्या सेविकेलाही त्या पोराचा वाटा वरून मिळायला हवा, नाहीतर ती बिचारी कुठून देणार? एकदा माझ्या इथून गेलेल्या पोराची चिठ्ठी मी आईच्या पदराला बांधून दिली होती. पलीकडे कुणी घेतली नाही, वैशाखात तशीच गाठ सोडून मला परत दिली.

---

सुपलीभर

ताई, ती पदराची गाठ डोळ्यांपुढून जात नाही. दसऱ्याला यादी करण्याची कल्पना आम्ही उचलतोय. आम्ही आजवर दिवाळीनंतर रिकामी वाडी बघून हळहळायचो, एवढंच.

---

तराजू

रेशनबद्दल लिहितो, या कामात होतो. कातकरी कुटुंबांना अंत्योदयचं कार्ड मिळायला हवं. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे महिन्याला कुटुंबामागे ३५ किलो. आता ते भट्टीजवळच्या कुठल्याही दुकानात अंगठा लावून घेता येतं, मुळशीत परत जावं लागत नाही. हे भट्टीवरच्या दहापैकी नऊ जणांना सांगितलेलंच नसतं. ते शेजारच्या किराणावाल्याकडून खर्चीतून (मालक मधे खर्चाला देतो त्या पैशांतून) तांदूळ घेतात, आणि खर्ची शेवटी उचलीच्या हिशेबात चढते.

दोन अडचणी येतात. विटा थापून अंगठ्याच्या रेषा झिजतात, मशीन घेत नाही. अशा वेळी घरातल्या दुसऱ्या माणसाचा अंगठा किंवा फोनवर येणारा आकडा चालतो, पण आधार जोडलेलं असलं पाहिजे. आणि कार्ड कुठेतरी गहाण असतं. आधी ते कुणाच्या पेटीत आहे ते शोधा.

अजून एक. रेशनच्या तांदळात गेली काही वर्षं लोह, फोलिक ॲसिड आणि बी १२ घातलेले दाणे मिसळून आलेत, शंभराला एक. ते जरा वेगळे दिसतात. बायका 'प्लास्टिकचा तांदूळ' म्हणून सुपात पाखडून, निवडून फेकतात. मी स्वतः बघितलंय, उंबऱ्याबाहेर नेमके तेवढेच दाणे पडलेले, कोंबड्या टिपतायत. यांना ओरडू नका. मूठभर शिजवून त्यांच्यासमोर खा, मग विश्वास बसतो.

---

सुपलीभर

तुमचं नाव सार्थ आहे. हो, आम्ही तिसऱ्याच घरात ते दाणे बघितले होते आणि मला वाटलं होतं खडे आहेत!

---

वसतिगृह_१७

मी जुन्नरचा, पुण्यात आदिवासी वसतिगृहात राहून शिकलो. जेवणाचा विषय निघाला म्हणून. २०१८ मध्ये वसतिगृहातली खानावळ बंद करून पैसे थेट खात्यात द्यायचं ठरलं. त्याविरुद्ध पोरं पुण्याहून नाशिककडे पायी निघाली होती. बाहेरच्यांना वाटलं, पैसे मिळतायत तर तक्रार कसली. पैसे दोन-तीन महिने उशिरा यायचे, आणि आले की निम्मे घरी जायचे, कारण घरी आजारपण, बियाणं, काहीतरी असायचंच. आई फोनवर मागायची नाही, फक्त "बरं चाललंय ना" विचारायची. आम्ही एक वेळ वडापाववर काढायचो. ताट समोर येत होतं तेव्हा ते फक्त माझं होतं. सेविकाताई म्हणतात तेच, तिथेच बसून खाल्लं तर पोटात जातं.

---

मातीचं_घर

लिहू की नको विचार करत होतो. माझ्या मामांची वीटभट्टी आहे. सगळे भट्टीवाले वाईट नाहीत एवढं सांगायचं होतं. अवकाळी आला की कच्चा माल विरघळतो, दोन-दोन लाखांची माती होते. उचल आम्ही देतो ती आम्हीही व्याजानंच आणतो. पोरांचं कुणी बघत नाही हे खरं आहे. आमच्याकडे अठरा जोड्या आहेत, मोजली तर पंचवीस-तीस पोरं. या दृष्टीनं कधी मोजलीच नव्हती.

---

तराजू

तुमच्या मामांना वाईट ठरवायचं नाही. पण उचल फिटेपर्यंत माणूस भट्टी सोडू शकत नसेल, तर १९७६ च्या कायद्यात त्याला वेठबिगारी म्हणतात. व्याज त्यांनाही भरावं लागतं म्हणून ते बदलत नाही. हे तुम्ही त्यांना सांगू शकता, आम्ही सांगितलं तर ऐकणार नाहीत.

---

मातीचं_घर

सांगेन. वेळ लागेल. तोवर एक पत्र्याची शेड रिकामी आहे, कोळसा ठेवायचो ती. साफ करून देऊ शकतो. पाण्याची टाकी शेजारीच आहे.

---

अंगणवाडीची_ताई

शेड मिळाली तर जोड्यांमधलीच एक बाई पोरं सांभाळायला बसवा, बाळंतीण किंवा म्हातारी, आणि तिची हजेरी द्या. नुसती शेड असेल तर कुणी पोर ठेवणार नाही. आणि त्या हद्दीतल्या सेविकेला जाऊन भेटा, पर्यवेक्षिकेच्या नावे लेखी द्या, मुलांची नावं-वयं लिहून. तोंडी सांगितलेलं विसरतात. कागदाला पोच घ्या.

---

सुपलीभर (पाच आठवड्यांनी)

ज्यांनी वैयक्तिक निरोप पाठवून विचारलं त्या सगळ्यांसाठी.

आईनं भरतीला नकार दिला. मी चिडले नाही, ओपीडींनी आधीच सांगितलं होतं. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी तपासलं, खोकल्याचं औषध दिलं, आणि दर शुक्रवारी वजन करायचं ठरलं. भट्टीवर तिची मावशी आहे, ओली बाळंतीण, काम करत नाही. तिच्याकडे आम्ही डबा ठेवला: शेंगदाण्याचं कूट, गूळ, डाळ-तांदळाचं भाजून केलेलं पीठ, तेलाची बाटली, आठवड्याची अंडी. तेलाच्या बाटलीवर स्केचपेननं सात रेघा मारल्या, रोज एका रेघेपर्यंत. मावशीला वाचता येत नाही, पण रेघ एकदाही चुकली नाही.

पाचव्या शुक्रवारी दंड ११.८. पिवळा. वजन ७०० ग्रॅमनं वाढलंय. केस अजून तसेच आहेत.

रेशन कार्ड सापडलं. गावातल्या एका दुकानदाराकडे होतं, तीनशे रुपयांवर. सोडवलं. हवेलीतल्या दुकानात बापाचा अंगठा लागला नाही, आईचा लागला.

भट्टीवर अजून अकरा मुलं होती, सगळी मोजली. तीन पिवळ्यात, एक लाल. त्या लाल पट्टीच्या मुलाचं कुटुंब आठ दिवसांत दुसऱ्या भट्टीवर गेलं. फोन लागत नाही. नाव, वय, गाव लिहून ठेवलंय, कुणाला लोणीकंद-वाघोलीच्या बाजूच्या भट्ट्यांवर जाणं-येणं असेल तर निरोपातून कळवा, तपशील देते.

लसीकरणाचं कार्ड मात्र मिळालं नाही. आई म्हणते पहिल्या पावसात भिजून गेलं.

---

अंगणवाडीची_ताई

कार्ड गेलं तरी चालेल. मुळशीच्या उपकेंद्रात नर्सबाईंच्या रजिस्टरमध्ये जन्मतारखेवरून नोंद मिळेल, त्या पानाचा फोटो मागवा. दीड वर्षाचा गोवर-रुबेलाचा दुसरा डोस बघा पहिल्यांदा, भट्टीवरच्या पोरांचा तोच राहतो. राहिला असेल तर पाच वर्षांपर्यंत देता येतो. भट्टी ज्या उपकेंद्रात येते तिथल्या आशाताईंना सत्राचा वार विचारून घ्या, आणि त्या दिवशी भट्टीवरची बाकीची मुलंही घेऊन जा.